जसाच्या तसा वास

गिरीश मगदूमांना आयुष्यात पहिल्यांदा ग्राहक आयोगाची नोटीस आली, आणि ती धाडली होती त्यांच्या सख्ख्या विहीणबाईंनी.

सांगलीच्या हरभट रोडवर मगदूमांचं दुकान होतं. वडिलांच्या काळात तिथे चष्मे मिळायचे, मग श्रवणयंत्रं आली आणि अलीकडे नाकंही मिळू लागली होती. नोटीस समोरच्या पडद्यावर उमटली तेव्हा मगदूम एका आजोबांच्या कानात यंत्र बसवत होते. त्यांनी मान वर केली, नोटीस वाचली आणि पुटपुटले, "अरे बापरे!"

"आलं, ऐकू आलं!" आजोबा आनंदानं ओरडले. "अरे बापरे म्हणालात! अगदी स्वच्छ!"

तक्रारदार, शैलजा हळिंगळे, मिरज. सामनेवाले क्रमांक एक, 'गंधिका' हे कृत्रिम नाक बनवणारी पुण्याची कंपनी. सामनेवाले क्रमांक दोन, विक्रेते गिरीश मगदूम. आजोबांना रवाना करून मगदूमांनी शटर अर्धं ओढलं आणि तडक घर गाठलं.

"पद्मजा, तुझ्या विहीणबाईंनी आपल्यावर केस टाकलीय!"

पद्मजाताई खोबरं किसत होत्या. त्यांनी हातही थांबवला नाही. "आपल्यावर नाही, तुमच्यावर. सकाळीच फोन करून सांगितलं त्यांनी. डोहाळजेवणाला हिरवी साडी चालेल का, तेही विचारत होत्या."

मगदूम पाटावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

प्रकरण तसं जुनं होतं. शैलजाताईंचा मिरजेला भडंगाचा कारखाना. कढईत तेल तापून लसूण पडला की त्या लांबूनच सांगायच्या, "काढा, झाला." किंवा, "थांबा, अजून कच्चा आहे." साऱ्या कारखान्याचा कारभार त्या एका नाकावर चाले. मग एका साथीच्या तापात त्यांचा वास गेला. ताप उतरला, अशक्तपणा गेला, वास मात्र परतला नाही. वासाबरोबर चवही जाते, कारण आपण जिला चव म्हणतो तिच्यातला मोठा वाटा नाकाचाच असतो. आपलंच भडंग खाऊन त्या म्हणायच्या, "कागदाचे तुकडे चघळल्यासारखं वाटतंय."

वासाची गंमत अशी असते. कुठल्याही पदार्थाचे रेणू हवेतून नाकात शिरतात. नाकाच्या छताशी रेणू पकडणारी सूक्ष्म कुलपं असतात, जवळजवळ चारशे तऱ्हांची. लसणाचा रेणू त्यातली काही उघडतो, कापराचा दुसरीच काही. कुठली कुलपं उघडली याची नक्षी मज्जातंतूंवरून मेंदूकडे जाते आणि मेंदू ओळखतो, हा लसूण, हा कापूर. शैलजाताईंच्या तापात कुलपं जळाली होती, पण मेंदूतलं वास ओळखायचं केंद्र शाबूत होतं. गंधिका नेमकी इथे उपयोगी पडायची. नाकपुडीत आत तांदळाच्या दाण्याएवढी चकती आणि तिच्यावर प्रयोगशाळेत वाढवलेली तीच चारशे तऱ्हांची कुलपं. चकतीवर जी नक्षी उठेल ती बिनतारी संदेशानं कपाळाच्या हाडामागे बसवलेल्या केसासारख्या तारांकडे जाई, आणि तारा मेंदूला हलके झटके देत. चकती आणि तारा यांच्या मधोमध एक इवलासा संगणक होता. नक्षी वाचायची आणि झटके ठरवायचे, एवढंच त्याचं काम.

मगदूमांनी हे सगळं विहीणबाईंना दुकानात बसवून समजावलं होतं आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "नाकात जाईल ते मेंदूत पोचेल, विहीणबाई. जसंच्या तसं! कंपनीचं सोडा, ही माझी हमी."

शस्त्रक्रियेनंतर पद्मजाताईंनी त्यांच्यासमोर तेलात लसूण टाकला, तेव्हा शैलजाताईंनी विहिणीच्या गळ्यात पडून अश्रू ढाळले होते. मगदूमही डोळे पुसत होते. आयुष्यात विकलेली सगळ्यात चांगली वस्तू, असं त्यांना त्या दिवशी वाटलं होतं.

पुढचं वर्ष सुखात गेलं. मग मगदूमांची सून, म्हणजे शैलजाताईंची ईश्वरी, गरोदर राहिली आणि थोडे दिवस माहेरी गेली. आईनं कौतुकानं समोर ठेवलेल्या भडंगाची मूठ तोंडाशी नेताच तिनं ती परत ताटलीत टाकली.

"आई, हे खवट आहे."

"काहीतरीच! आजचं ताजं तेल आहे. मी स्वतः हुंगलंय." शैलजाताई हसल्या. "डोहाळे गं तुझे."

पण लवकरच दुकानदारांकडून खोकी परत येऊ लागली. कोल्हापूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं फोनवर सुनावलं, "ताई, नाव मोठं झालं आणि माल उतरला." कारखान्यातल्या बायकांना तेलाचा खवट वास येत होता, पण मालकीणबाईंनी डबा हुंगून "चांगलंय" म्हटल्यावर बोलणार कोण?

आणि मग ती सकाळ आली. शैलजाताई चहा ठेवायला शेगडीपाशी गेल्या, कळ फिरवणार इतक्यात बाहेरच्या खोलीतून ईश्वरी किंचाळली, "आई, हात लावू नकोस! गॅस सुटलाय!" दोघींनी खिडक्या उघडल्या, नळी बंद केली आणि अंगणात येऊन उभ्या राहिल्या. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाणेरडा वास मिसळतात. नळीच्या शेजारी उभ्या असलेल्या शैलजाताईंना तो आलाच नव्हता. पोटावर हात ठेवून उभ्या असलेल्या लेकीला त्यांनी जवळ ओढून घेतलं.

त्याच दिवशी त्या मगदूमांच्या दुकानात आल्या. मगदूमांनी त्यांची गंधिका तपासणी-यंत्राला जोडली आणि कंपनीनं दिलेल्या कुप्या एकेक करून उघडल्या. गुलाब, कापूर, लवंग, वेलची. सगळे वास बरोबर उमटले.

"शंभर टक्के ठणठणीत," मगदूम म्हणाले. आणि इथवर थांबले असते तरी चाललं असतं, पण ते पुढे म्हणाले, "वय झालं की माणसाचं लक्ष राहत नाही, विहीणबाई. होतं असं."

शैलजाताईंनी पर्स उचलली. "माझं वय काढलंत होय, मगदूम? बरं. येते मी."

त्यानंतर ती नोटीस आली.

डोहाळजेवण ठरल्याप्रमाणे मगदूमांकडेच झालं. ईश्वरी फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती. दोन्हीकडच्या बायका हसत-खिदळत होत्या. शैलजाताई हिरवी साडी नेसून आल्या आणि जेवायच्या वेळी नेमक्या मगदूमांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"आधी मला सांगायचं तरी, विहीणबाई," मगदूम खालच्या आवाजात म्हणाले.

"सांगायलाच आले होते की. तुम्ही लवंग हुंगायला दिलीत."

"वकील कुठला दिलाय?"

"वकील कशाला? तक्रारदाराला स्वतः बोलता येतं तिथे. घरी बसून तक्रार भरली, घरी बसून कागद जोडले. मोकळी झाले."

"अहो, पण मी फक्त विकलं! कंपनीनं बनवलं, कंपनीनं बिघडवलं. मला का ओढलंत?"

शैलजाताईंनी त्यांच्या पानात मसालेभात वाढायला लावला. "फक्त विकलं असतंत तर मी तुमचं नावही घातलं नसतं. पण विकणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं निराळी हमी दिली आणि माल तसा निघाला नाही, तर तोही जबाबदार. ग्राहक कायद्यातच आहे ते. जसंच्या तसं, हे कोण म्हणालं होतं?"

मगदूमांनी हातातला घास पानात ठेवला. "मी."

"मग? आणि आपल्या राज्याचा तो नवा कायदा वाचलात का? शरीरात बसवलेलं यंत्र ज्याच्या शरीरात आहे त्याचं. त्याला कळेल अशा भाषेत विचारल्याशिवाय कुणी त्यात बदल करायचा नाही. अजून कुणी वापरून बघितलेला नाही तो. मी बघणार आहे." मग त्या मान तिरकी करून म्हणाल्या, "भांडण नाही हं आपलं. दावा तेवढा आहे. लिंबू हवं का?"

मगदूमांना भांडण परवडलं असतं. हा मसालेभाताबरोबर वाढलेला दावा त्यांना पचेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ईश्वरीकडून त्या भडंगाच्या तेलाची बाटली मागवून घेतली आणि दुकान उघडल्या उघडल्या, गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेली नवी गंधिका तपासणी-यंत्राला जोडून तिच्यासमोर ठेवली. यंत्राच्या पडद्यावर दोन रेषा उमटत. वरची, चकतीनं काय पकडलं ती. खालची, तारांना काय दिलं ती. गुलाबाच्या कुपीला दोन्ही सारख्याच उसळल्या. मग मगदूमांनी तेलाचं झाकण काढलं. वरची रेषा दंडोबाच्या डोंगरासारखी उभी राहिली. खालची मात्र मिरज स्टेशनच्या फलाटासारखी सपाट पडून होती.

त्यांनी झाकण लावलं आणि पुन्हा काढलं. पुन्हा तेच.

मग माळ्यावरून त्यांनी एक न विकलेली जुनी गंधिका काढली. खोक्यातून बाहेरच न आल्यामुळे कंपनीनं हवेतून धाडलेले नवे बदल तिच्यापर्यंत पोचले नव्हते. तिला तेच तेल दाखवलं. दोन्ही रेषा एकमेकींच्या गळ्यात गळा घालून वर चढल्या.

मगदूम स्टुलावर बसले. चकतीला सगळे वास येत होते. मधला संगणक मात्र त्यातले नकोसे निवडून दाबत होता.

त्यांनी कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत ओळखीच्या एका अभियंत्याला फोन लावला. तो बिचारा सरळ मनानं सांगू लागला, "हो सर, तो 'सुखद अनुभव' बदल. सुरुवातीला लोकांच्या फार तक्रारी यायच्या. वर्षानुवर्षं वास नसलेल्या माणसाला एकदम गटार, घाम, कचरा. काहीजण तर नाक परत करायला यायचे. म्हणून नकोसे वास हळूहळू मंद केले. कुणाला कळलंही नाही, आणि लोक एकदम खुश! खरं सांगा सर, घाण वास हवाय कुणाला?"

मगदूमांना क्षणभर ते पटलंसुद्धा. मग त्यांनी विचारलं, "आणि गॅस?"

पलीकडचा आवाज उतरला. "गॅस त्या यादीतून वगळायचा होता सर. एका आवृत्तीत ते राहून गेलं. पुढच्यात येईल."

आठवडा उलटायच्या आत कंपनीचे वकील ॲडव्होकेट निनाद सबनीस दुकानात हजर झाले. गोड बोलायचे, हसायचे आणि दर वाक्याला "मगदूम साहेब" म्हणायचे.

"ही जसंच्या तसं हमी लेखी नव्हती ना, मगदूम साहेब?"

"तोंडी होती."

"साक्षीदार?"

"आमची मंडळी होती तिथे."

"त्या तुमच्याच बाजूनं बोलतील ना?"

"त्या पोरांचं लग्न जमल्यापासून विहीणबाईंच्या बाजूनं बोलतात."

सबनीस मनापासून हसले आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मग इतकंच म्हणा, की नेमके शब्द आठवत नाहीत. पुढचं मी बघतो. तुम्ही सुटलात, आम्ही सुटलो. आणि कोल्हापूर-बेळगावची एजन्सी कंपनी लवकरच कुणाला तरी देणार आहे. तुमचं नाव वर आहे, मगदूम साहेब."

कोल्हापूरची एजन्सी म्हणजे मगदूमांचं कितीतरी वर्षांचं स्वप्न. ताराराणी चौकातलं काचेचं दुकानही त्यांनी मनातल्या मनात ठरवून ठेवलं होतं. ते घरी आले आणि पद्मजाताईंपुढे सगळं ओतलं.

"काय करू सांग."

"मी काही सांगणार नाही," पद्मजाताई गंभीरपणे म्हणाल्या. "मी साक्षीदार आहे."

मगदूम कपाळाला हात लावून मागच्या पडवीत गेले. तिथे ईश्वरी नाकाला पदर लावून बसली होती. "बाबा, तेवढी हिंगाची डबी कुणीतरी घट्ट लावायला सांगा. इथवर वास येतोय."

मगदूमांनी स्वतः जाऊन डबी लावली आणि तिच्यासमोर येऊन बसले. "ईश्वरी, घाण वास कमी करणारं यंत्र मिळालं तर घेशील?"

"आत्ता द्या!" ती हसली. मग थोडा विचार करून म्हणाली, "पण बटण माझ्या हातात हवं. हिंगापुरतं लावीन, मग बंद करीन. मला न सांगता कुणी माझ्या नाकात हात घातलेला नाही चालणार, बाबा. त्या दिवशी आईबरोबर माझ्याही नाकात ते असतं तर..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. मगदूमांना पुरं करायची गरजही पडली नाही. त्यांनी तिथेच फोन काढला आणि सबनिसांना कळवलं, "शब्द आठवतात."

सुनावणीआधी आयोगानं दोन्ही बाजूंना तडजोडीसाठी बसवलं. कंपनी भलतीच उदार झाली होती. शैलजाताईंना नवंकोरं नाक, मुळातल्यासारखं, जन्मभर फुकट देखभाल. अट एकच, या विषयावर पुढे कुठे बोलायचं नाही.

"आणि बाकीच्यांच्या नाकांचं काय?" शैलजाताईंनी विचारलं.

"त्यांची तक्रारच नाहीये, मॅडम."

"कशी असेल? आपल्याला काय येत नाही हे त्यांना कळणार कसं? मला लेकीनं सांगितलं म्हणून कळलं." त्यांनी आयोगाकडे सरळ अर्ज केला, की माझी तक्रार माझ्या एकटीची न धरता, हे यंत्र घेतलेल्या सगळ्यांच्या वतीनं धरा. कायद्यात तीही सोय होती, आणि आयोगानं ती दिली.

सुनावणीला हॉल भरला होता. अध्यक्षबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. शेजारी एक वयस्कर सदस्य. सबनिसांनी छान भाषण केलं. ग्राहकाचा आनंद वाढवणं हा दोष कसा, वाईट वास कमी मिळाला म्हणून जगात कुणी नुकसानभरपाई मागितली आहे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मागच्या बाकांवर हशाही पिकला.

शैलजाताई उभ्या राहिल्या आणि सबनिसांकडे वळल्या. "साहेब, समजा तुम्ही आरसा विकत घेतलात. त्यात तुम्ही पंचविशीतले दिसता. छान वाटेल ना? वाटू दे. पण गालाला शाई लागलीय तीही दिसत नाही. तसेच तुम्ही इथे येऊन बसलात. तर त्या आरशाला काय म्हणायचं?"

सबनिसांचा हात नकळत गालाकडे गेला. या वेळचा हशा जास्त मोठा होता.

मग मगदूमांना बोलावलं गेलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "वास जसाच्या तसा येईल, अशी हमी तुम्ही दिली होती का?"

हॉलच्या एका कोपऱ्यात पद्मजाताई बसल्या होत्या. मगदूमांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "दिली होती. कंपनीचं सोडा, माझी हमी, असं म्हणालो होतो. आणि त्या विचारायला आल्या तेव्हा त्यांचं वय काढलं. ते कायद्यात बसतं की नाही ठाऊक नाही, पण चुकलं."

सबनिसांनी डोळे मिटून घेतले.

मगदूमांनी दोन्ही गंधिका, जुनी आणि नवी, टेबलावर ठेवल्या. तपासणी-यंत्रही त्यांनी सोबत आणलं होतं. "कंपनी तपासायला गुलाब आणि वेलची देते. मी माझी कुपी आणलीय. परवानगी असेल तर उघडतो."

"काय आहे तिच्यात?" सदस्यांनी विचारलं.

"खवट तेल आणि सडका कांदा, साहेब."

"थोडीशीच उघडा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मगदूमांनी थोडीशीच उघडली, पण कांद्याला ते मान्य नव्हतं. पंख्याच्या वाऱ्यानं वास हॉलभर पसरला. सदस्यांनी नाकाला रुमाल लावला, अध्यक्षबाईंनी फाईल चेहऱ्यासमोर धरली, सबनीस खिडकीकडे धावले, मागच्या बाकावर कुणीतरी "आई गं!" म्हणालं. "बंद करा, बंद करा ते!" सदस्य ओरडले.

साऱ्या हॉलमध्ये एकच बाई शांत बसली होती. शैलजाताई प्रसन्न चेहऱ्यानं इकडेतिकडे बघत होत्या. "उघडली का हो कुपी?" त्यांनी विचारलं.

प्रत्येकाच्या नाकावरचा हात त्यांना दिसला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. आपल्याला वास कमी येतो हे त्यांना माहीत होतं, पण एवढं सगळं जग आपल्याला वगळून चाललंय, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. "मला काहीच येत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी फाईल खाली ठेवली. मगदूमांनी घाईघाईनं बूच लावलं. "दोन्ही यंत्रं शासनाच्या प्रयोगशाळेकडे पाठवा," अध्यक्षबाई लेखनिकाला म्हणाल्या. "आणि पंखा वाढवा."

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ईश्वरीला मुलगी झाली. शैलजाताईंनी नातीला मांडीवर घेतलं, तिच्या टाळूला नाक लावलं आणि बराच वेळ तशाच बसल्या. मगदूमांनी हसून विचारलं, "येतोय का वास?"

"येतोय. गोड आहे." त्यांनी मान वर केली. "पण हा बाळाचा आहे का कंपनीचा, हेच कळत नाहीये."



अहवाल आला आणि पाठोपाठ आदेशही. दाबलेले सगळे वास कंपनीनं विकलेल्या प्रत्येक नाकात पहिल्यासारखे करायचे. ज्याला मंद वास हवेत त्याच्यासाठी बटण ग्राहकाच्याच फोनवर द्यायचं आणि त्याची माहिती सोप्या मराठीत सांगायची. आपण काय केलं होतं ते कंपनीनं जाहिरात देऊन लोकांना कळवायचं. शैलजाताईंना वाया गेलेल्या मालाची आणि मनस्तापाची भरपाई. आणि सामनेवाले क्रमांक दोन यांनी आपल्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक नाकाची तपासणी विनामूल्य करून द्यावी.

"सुटलात स्वस्तात," पद्मजाताई म्हणाल्या.

कोल्हापूरची एजन्सी अर्थातच गेली, सांगलीचीही गेली. पण जाहिरात छापून आली तसे कऱ्हाडपासून विजापूरपर्यंतचे लोक मगदूमांच्या दुकानात येऊ लागले. कंपनीवर आमचा भरवसा नाही, तुम्ही तपासून द्या, म्हणत. स्वतः विकलेली नाकं मगदूम फुकट तपासत, बाकीच्यांकडून रास्त पैसे घेत. कानांपेक्षा नाकांचं काम वाढलं. कुप्या ते स्वतःच भरायचे, आणि शेजारच्या मिठाईवाल्यानं एकदा दारात येऊन विचारलं, की अशा वासाविरुद्ध शेजाऱ्याला कुठल्या आयोगाकडे जाता येतं.

शैलजाताईंचं नाक मात्र मगदूमांनी घरी बोलावूनच दुरुस्त केलं. दिवाणखान्यात त्यांना खुर्चीवर बसवलं, फोनवरून मूळ आवृत्ती चढवली, रेषा जुळल्याची दोनदा खात्री करून घेतली आणि बाजूला झाले. पद्मजाताई आतून काय काय घेऊन आल्या होत्या. हिंग, फोडणीचं तेल, कालचं ताक. पण त्यांची पाळी येण्याआधीच ईश्वरीनं झोपेतून उठलेल्या लेकीला आणून आजीच्या मांडीवर ठेवलं.

शैलजाताईंनी वाकून टाळूला नाक लावलं. दूध होतं, खोबरेल होतं, अंगाला लावलेली पावडर होती, आणि कुठल्याही कंपनीला जमणार नाही असं काहीतरी कोवळं होतं. "हा," त्या म्हणाल्या. "हा तिचाच."

पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा आक्रसला. नाक मुरडलं, भुवया चढल्या, मान मागे गेली.

"शी शी शी! अगं ईश्वरी! काय केलंय या पोरीनं! केवढी घाण येतेय!" आणि बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "अहो, किती घाण! पद्मजाताई, बघा तरी किती घाण येतेय!"

पद्मजाताई हसता हसता पदरानं डोळे पुसत होत्या. ईश्वरी लंगोट आणायला धावली. मगदूम फोन हातात धरून पुढे सरसावले.

"विहीणबाई, आता बटण आहे बरं का इथे. थोडं मंद करून देऊ?"

"हात लावाल तर पुन्हा केस टाकीन," शैलजाताई म्हणाल्या, आणि नातीला दोन्ही हातांनी वर उचलून त्यांनी आणखी एक खोल श्वास घेतला.